टीएसएच ५.२ आला म्हणून घाबरू नका

ताई, थकवा नि केस गळण्यासाठी केलेल्या रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारं संप्रेरक) ५.२, म्हणजे किंचित जास्त आला, तर एवढ्यावरून थायरॉइडची गोळी सुरू करायची घाई नको. गरोदर नसाल तर दोन-तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, सकाळीच, फ्री टी४ (थायरॉइडचंच संप्रेरक) सोबत पुन्हा तपासा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना विचारून दोन दिवस आधी थांबवा, त्याने आकडे चुकतात.

फेरिटिन मात्र बघाच. हिमोग्लोबिन १२ असलं तरी फेरिटिन ३० च्या खाली म्हणजे लोहाचा साठा आटलेला. थकवा, केस गळणं तिथूनही येतं. (तापात हा आकडा फुगतो, डेंग्यूनंतर लगेच करू नका.)

नवखे हमखास दोन चुका करतात: तपासण्यांचं भलंमोठं पॅकेज आणि दर महिन्याला नवा डॉक्टर. त्यापेक्षा लक्षणं तारखेनिशी वहीत लिहा, जुने रिपोर्ट फाइलीत लावा नि बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन ओपीडीत दाखवा. वजन आपोआप उतरत असेल तर उद्याच जा.