वाचकांचे प्रश्न: फोनला पत्र्याचं चिलखत घालावं का?

प्रश्न: दादा नमस्कार, मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत फेटलिंगला (ओतलेल्या मालाच्या कडा घासायला) आहे. आठ महिन्यात दोनदा डिस्प्ले गेला, दुसऱ्या टायमाला घरात लई बोलणी खाल्ली. आता ऑनलाइन एक अ‍ॅल्युमिनियमचा केस बघून ठेवलोय, स्क्रू लावून बंद करायचा, समोर जाड काच, व्हिडिओत त्याच्यावरनं गाडी घालतात तरी फोनला काय होत नाही. सोबतचा पोरगा म्हणतो नेटवर्क जातं. घेऊ का नको, सांगा की.
— एक वाचक, उद्यमबाग

उत्तर: तुमचा सोबतचा पोरगा बरोबर बोलतोय. असला केस मी स्वतः घेतला होता, लई हौसेनं, आणि पहिल्याच दिवशी बायकोनं विचारलं की फोन तिजोरीत ठेवलाय काय, मघापासनं लावतेय तर लागतच नाही. फोन माझ्या खिशातच होता! दोन आठवड्यात केस काढला, आता त्याच्यात बारके स्क्रू ठेवतो.

कारण साधं आहे, टॉवरच्या लहरी धातूतनं आरपार जात नाहीत. फोनची बॉडीच मेटलची असली तर कंपनीवाले कडेला प्लास्टिकच्या बारीक रेषा सोडतात, त्या दिसायला सोडलेल्या नसतात, अँटेनाचे तुकडे वेगळे राहायला असतात. २०१० साली आयफोन ४ आला तेव्हा कडेची स्टीलची पट्टीच अँटेना होती आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या फटीवर हात आला की सिग्नल पडायचा. लई बोंबाबोंब झाली, मग अ‍ॅपलनं लोकांना कडेला लावायचे बंपर फुकट दिले. म्हणजे नुसत्या हातानं हे होतंय तर चारी बाजूनं अ‍ॅल्युमिनियम गुंडाळल्यावर काय होईल बघा.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, केस मिळाला तर स्वतः बघा. बहुतेक अँड्रॉइड फोनात सेटिंगमध्ये अबाउट फोन, तिथं सिम स्टेटस, त्यात सिग्नल स्ट्रेंथ उणे आकड्यात दिसते. एकाच जागी उभं राहून केसशिवाय आकडा बघा, मग केस घालून. उणे ८५ चांगलं, उणे ११० च्या आसपास आलं की कॉल तुटायला लागतो. आणि हा आकडा १० नं घसरला म्हणजे सिग्नल थोडा कमी नाही, एक दशांश झाला. मग फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावतो, बॅटरी उतरते, फोन तापतो. वायरलेस चार्जिंगही त्या केसमधनं होत नाही.

आता गाडीचा व्हिडिओ. चाक वर चढतं तेव्हा वजन हळूहळू येतं, ते पेलायला मेटल एक नंबर. पण तुमच्या फोनवर गाडी जात नाही, तो पडतो, आणि पडताना जो हिसका बसतो तो कडक धातू तसाच्या तसा आत देतो. हिसका खायला मऊ काहीतरी लागतं. गणपती टेम्पोतनं आणताना आपण खाली पोती, गवत घालतो, पत्रा टाकत नाही की! त्या केसात आत जे रबर असतं तेच खरं काम करतंय, पैसे मात्र तुम्ही बाहेरच्या पत्र्याचे देताय.

पण तुमच्या बाबतीत मला वेगळीच काळजी आहे. फेटलिंगला ग्राइंडरनं बिडाचा जो बारीक कीस उडतो तो फोनचा खरा वैरी, कारण स्पीकरमध्ये मॅग्नेट असतं. कानाजवळची जाळी उन्हात धरून बघा, काळी मिशी उगवलेली दिसेल. आवाज कमी येतो म्हणून लोक तिथं कंप्रेसरची हवा मारतात, ते अजिबात करू नका, कीस आत जातो आणि माइकचा पडदा फाटू शकतो. सेलोटेप दाबून उचला, दोनचार वेळा. आणि हाच कीस त्या केसच्या काचेखाली शिरला की स्क्रीनवर पॉलिश पेपरासारखा घासत बसतो. मागं मॅग्नेटवाला कव्हर असेल तर तोही काढा.

म्हणून जाड टीपीयूचा (रबरासारख्या मऊ प्लास्टिकचा) कव्हर घ्या, कोपरे फुगीर असलेला, वर टेम्पर्ड ग्लास. आणि खरं सांगा, दोन्ही वेळा फोन शर्टाच्या खिशातनंच सटकला ना, वाकल्यावर? कामावर असताना तो डब्याच्या पिशवीत राहू दे.

प्रश्न: रोप लावणीत फोन भिजतो. मेटलचा वॉटरप्रूफ केस चालेल काय? भिजला तर तांदळात ठेवतो आम्ही.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: नको. जंगलाकडेच्या गावात आधीच एक दांडी, तीही घालवाल. नुसतं वॉटरप्रूफ लिहिलेल्याला अर्थ नाही, आकडा विचारा. आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही टेस्टिंगच्या स्वच्छ पाण्यात, चिखलात नाही. त्यापेक्षा गळ्यात अडकवायचा प्लास्टिकचा पाऊच बरा. पण फोन घालायच्या आधी त्यात टिश्यू पेपर घालून अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा, पेपर कोरडा निघाला तरच वापरा. मी आणलेल्या दोनातला एक पहिल्याच दिवशी नापास झाला.

तांदळाचं म्हणाल तर आपला बेळगावी बासमती असला तरी तो फोनच्या आतलं पाणी ओढत नाही, उलट पिठाची धूळ चार्जिंगच्या भोकात जाते. बंद करा, पोर्ट खाली करून हळू झटका, वाऱ्याला ठेवा, वाळेपर्यंत चार्जर लावू नका. बास.

प्रश्न: कव्हरवर ‘मिलिटरी ग्रेड’ लिहिलंय, दुकानदार दुप्पट दर सांगतो. खरं असतं का?
— एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर: अमेरिकन लष्कराचं मिल-एसटीडी-८१० नावाचं टेस्टिंगचं मानक आहे, तेवढं खरं. त्याच्या ८१०जी आवृत्तीत १२२ सेंटिमीटरवरनं २६ वेळा पाडायचं असतं, पण हे २६ वेळा पाच पीसमध्ये वाटून घ्यायला परवानगी आहे आणि पडतं ते काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवूडवर. शिवाय लष्कर कुणाच्या कव्हरला शिक्का देत नाही, कंपनी स्वतःच टेस्ट करते किंवा करून घेते आणि स्वतःच छापते. म्हणून त्या दोन शब्दांचे जादा पैसे देऊ नका. दुकानातच कोपरा अंगठ्यानं दाबून बघा, थोडा आत गेला पाहिजे. मग फोन कव्हरसकट पालथा काउंटरवर ठेवा, स्क्रीन काउंटरला टेकली नाही, कव्हरचा काठच टेकला, तर घ्या.