‘रक्तस्त्राव’मधला आगंतुक ‘त’
‘डेंग्यूत पांढऱ्या पेशी कमी झाल्यामुळे रक्तस्त्राव होतो’ हे वाक्य बरोबर आहे का, असा प्रश्न आला आहे.

आधी तो ‘त’ काढा. शब्द ‘रक्तस्राव’ आहे. धातू ‘स्रु’, म्हणजे पाझरणे, वाहणे. ‘शस्त्र’, ‘वस्त्र’ यांतला ‘त’ हक्काचा, कारण तिथे ‘त्र’ हा प्रत्ययच आहे. इथे तो घुसखोर. ‘स्रोत’ याच धातूचा, आणि त्याचाही ‘स्त्रोत’ करून ठेवलाय. ‘रूढ झालंय, चालवून घ्या’ म्हणणारे कोशकार मला मान्य नाहीत. चुकांची नोंद ठेवा, त्यांना पाट-पाणी कशाला?

खरी गंमत पुढे आहे. ‘स्रु’चं ग्रीक भावंड ‘ऱ्हेओ’. डायरियातला ‘रिया’ तोच. इंग्रजीतला ‘स्ट्रीम’सुद्धा याच घराण्यातला, आणि त्यात चक्क ‘ट’ घुसलाय! ‘स’वरून ‘र’वर जाताना जीभ मध्ये टेकते, दुसरं काही नाही. म्हणजे आपली चूक इंग्रजीच्या पूर्वजांनी कधीच करून ठेवली होती. (म्हणून ‘रक्तस्त्राव’ माफ, असं समजू नका.)

‘हेमरेज’मध्येही ‘ऱ्हेओ’ आहे असं भलेभले ठोकून देतात. साफ चूक. तिथला धातू फुटण्याचा, फाटण्याचा आहे. म्हणूनच डेंग्यूपुरता आपला शब्द जास्त नेमका, हे माझं लाडकं मत. कातडीवर लाल ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गंभीर झाल्यास काळी शी, हे सगळं आहेच. पण मोठा घात वेगळाच: केशवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपतो, रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळतो, आणि तेही बहुधा ताप उतरताना, घरचे निर्धास्त झाल्यावर. इथे फुटत काही नाही, पाझरतं. स्रावच तो! जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली वर्गवारी बदलली, ‘हेमरेजिक फीवर’ जाऊन ‘गंभीर डेंग्यू’ आला. बरं झालं, जुन्या नावाने सगळ्यांचे डोळे रक्ताकडेच लागायचे.

हो, पांढऱ्या पेशी राहिल्याच. डेंग्यूत त्याही घटतात, पण रक्त थांबवणं हे त्यांचं काम नाही. ते बिंबाणूंचं, म्हणजे प्लेटलेटचं. ‘पांढऱ्या पेशी वीस हजारांपर्यंत घसरल्या हो!’ असं रडवेल्या आवाजात सांगतात, तेव्हा मला राहवत नाही. धडधाकट माणसातही त्या मायक्रोलिटरमागे चार ते अकरा हजारच असतात.