गोळीने रक्त खरंच पातळ होतं का?

प्रश्न : हृदयविकाराच्या झटक्यानंतर वडिलांना रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली आहे. पण त्यांचं रक्त किती घट्ट आहे, हे कुणी मोजलंच नाही. तशी तपासणी करून घ्यावी का?
– एक वाचक

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. घोळ त्या गोळीच्या नावात आहे, आणि ते नाव आम्हा डॉक्टरांच्याच तोंडी असतं. अ‍ॅस्पिरिनने रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटून गुठळी होऊ नये, म्हणून ती देतात. वॉरफरिन हे गुठळी रोखणारं दुसरं औषध घेणाऱ्यांची आयएनआर तपासणीसुद्धा रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगते, दाटपणा नव्हे.

दाटपणा मुख्यतः तांबड्या पेशींच्या प्रमाणावर, म्हणजे हिमॅटोक्रिटवर, आणि फायब्रिनोजेनसारख्या प्रथिनांवर ठरतो. शिवाय तो एकसारखा राहत नाही. रक्त जोरात वाहत असलं की पेशी लांबट होऊन प्रवाहाबरोबर सरकतात. वेग मंदावला की त्याच पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर बसतात आणि रक्त कितीतरी दाट होतं. म्हणून नुसत्या आकड्याला अर्थ नाही. तापमान आणि वेगही सांगावा लागतो. ३७ अंशांना, जोरदार प्रवाहात, रक्त पाण्याच्या चार-पाच पट दाट भरतं.

शिकत असताना प्रयोगशाळेत मी हे हाताने मोजलं आहे. इंग्रजी यू अक्षरासारखी काचेची नळी, तिच्यावर दोन खुणा, हातात स्टॉपवॉच. पाणी एका मिनिटात खालच्या खुणेला पोचलं. निरोगी माणसाच्या सीरमला, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाला, दीड मिनिटाच्या वर लागलं. मग एका आजोबांचं सीरम घातलं. त्यांच्या नाकातून वारंवार रक्त यायचं, नजर धुरकट झाली होती. ते सीरम काही केल्या खाली उतरेना; जवळजवळ पाच मिनिटं लागली. वाल्डेनस्ट्रॉम या आजारात आयजीएम नावाचं मोठं प्रथिन रक्तात साचतं, ते हे. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलल्यावर त्यांना पुन्हा नीट दिसू लागलं, ते मी अजून विसरलेली नाही.

ही तपासणी अशाच रुग्णांसाठी आहे. तुमच्या वडिलांच्या सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट असेलच. तो बराच वाढलेला असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा. पॉलिसायथेमिया व्हेरा, म्हणजे तांबड्या पेशी फार बनण्याचा आजार, असेल तर थोडं थोडं रक्त काढून तो ४५ टक्क्यांखाली ठेवावा लागतो. हिमॅटोक्रिट वाढलेला नसेल, तर वेगळी तपासणी नको. गोळी मात्र मनाने बंद करू नका.