जुन्या ट्रॅक्टरला लोडर : तेल कुठून घ्यायचे, कुठे सोडायचे

प्रश्न : जुन्या ट्रॅक्टरला समोर लोडर बसवून दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह लावला. पंपाचे तेल आधी या व्हॉल्व्हमध्ये येते आणि त्याच्या बाहेरच्या पोर्टमधून मागच्या लिफ्टकडे जाते. लोडर चालतो, पण लिफ्टने जड अवजार उचलले की लोडरच्या लिव्हरपाशी तेल गळते. व्हॉल्व्ह खराब निघाला का?

उत्तर : व्हॉल्व्ह बहुधा चांगला आहे, जोडणी चुकली आहे. गिअर पंप असलेल्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन चालू असेपर्यंत पंप तेल ढकलतच असतो. काम नसले की ते व्हॉल्व्हच्या मधल्या मार्गाने मोकळे परत जाते. यालाच ओपन सेंटर म्हणतात. तुम्ही टाकीकडे जाण्यासाठी असलेला टी पोर्ट लिफ्टला जोडला आहे. लिफ्ट रिकामी असेपर्यंत काही जाणवत नाही. लिफ्टवर वजन आले की तिचा १५० बारच्या आसपासचा दाब मागे सरकतो आणि व्हॉल्व्हच्या परतीच्या मार्गात भरतो. हा मार्ग इतक्या दाबासाठी केलेलाच नसतो आणि स्पूलच्या (लिव्हरने आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्याच्या) टोकाची सील नेमकी त्याच्यावर बसलेली असतात. आज तेल झिरपते आहे. असेच चालवले तर व्हॉल्व्हच्या बॉडीला तडा जाईल.

उपाय म्हणजे पॉवर बियॉन्ड स्लीव्ह, व्हॉल्व्हच्या पोर्टमध्ये आट्यांनी बसणारी पोकळ नळी. तुमच्या व्हॉल्व्हच्या नेमक्या मॉडेलचीच घ्या, दुसरी आटे जुळले तरी आत नीट बसत नाही. ती बसवली की मधला मार्ग आणि परतीचा मार्ग वेगळे होतात आणि तीन लाइन लागतात : पंपाकडून पी, लिफ्टकडे एन आणि सरळ गिअरबॉक्सच्या तेलात टी. स्लीव्ह बसवून टी बंदच ठेवला तर सिलिंडरमधून परत येणाऱ्या तेलाला वाट उरत नाही, म्हणून तिन्ही हव्यातच. टीची लाइन पाऊण इंची घ्या आणि तिचे टोक तेलाच्या पातळीखाली बुडलेले ठेवा, नाहीतर तेलाला फेस येतो.

आता रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब ठरलेल्या आकड्यावर गेला की तेल परत सोडणारा व्हॉल्व्ह. लोडरची लिव्हर ओढली की लिफ्टकडची वाट बंद होते. लिफ्टच्या बाजूला असलेला रिलीफ त्या क्षणी पंपाला वाचवू शकत नाही. म्हणून लोडरच्या व्हॉल्व्हला स्वतःचा रिलीफ असलाच पाहिजे. पीच्या लाइनवर २५० बारचा गेज लावा, रिलीफचा स्क्रू ढिला करून सुरुवात करा, इंजिन हजार आरपीएमच्या आसपास ठेवा आणि बकेटचा सिलिंडर टोकाला नेऊन दाब वाचा. पाव-पाव फेरा आवळत ट्रॅक्टरच्या पुस्तकातल्या आकड्याच्या पाच-दहा बार अलीकडे थांबा. लिव्हर एका वेळी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ओढून धरू नका, तेल झपाट्याने तापते.

लोडर काढता यावा म्हणून पी आणि एनच्या लाइनला क्विक कपलर (हाताने झटकन जोडता-सोडता येणारे जोड) लावले असतील, तर लोडर काढताच ती दोन टोके आखूड होजने एकमेकांना जोडा. कपलर सुटला की आपोआप बंद होतो. त्या अवस्थेत इंजिन सुरू केले आणि पंपाच्या बाजूला रिलीफ नसेल, तर पंपाचा शाफ्ट किंवा होज जाते, तेही पहिल्या काही सेकंदांत.

पी आणि एनसाठी अर्धा इंची, दोन वायरची होज पुरते. फिटिंगमध्ये एक फसगत नेहमी होते. अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) या दोन्ही आट्यांना इंचाला १४ आटे असतात, म्हणून सुरुवातीचे फेरे बसतात. पण आट्यांचा कोन ५५ आणि ६० अंश असा वेगळा असल्याने दाबाखाली गळती होतेच. बीएसपीच्या सरळ आट्याला डाऊटी वॉशर (आत रबर असलेला धातूचा वॉशर) वापरा. टेफलॉन टेप नको, तिचे तुकडे स्पूलमध्ये अडकतात. गळती शोधताना होजवरून हात कधीही फिरवू नका, पुठ्ठा धरा. सुईएवढ्या छिद्रातून उडालेले तेल कातडीत घुसते. जखम बारीक दिसली तरी तासाभराचीही वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.

प्रश्न : मॅसी फर्ग्युसन १३५ ला लोडर लावला. क्लच दाबला की लोडर जागेवर थांबतो. पंप गेला का?

उत्तर : पंपाचा दोष नाही, ही त्या ट्रॅक्टरची रचनाच आहे. ३५ आणि १३५ मध्ये चार पिस्टनचा पंप गिअरबॉक्समध्ये तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या (मागची अवजारे फिरवणाऱ्या) शाफ्टवर चालतो. क्लच एकेरी असेल तर तो दाबला की पंपही थांबतो. दुहेरी क्लचमध्ये अर्धा दाबला तर गाडी थांबते पण पंप फिरत राहतो. दुसरी गोष्ट, या पंपाचे नियंत्रण तेल आत घेण्याच्या बाजूला असते. लिफ्टला गरज नसेल तेव्हा तेल आतच येत नाही, म्हणून नेहमीच्या ओपन सेंटर व्हॉल्व्हला सतत प्रवाह मिळत नाही.

रोज लोडरचेच काम असेल तर या पंपाशी झगडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. क्रँकच्या पुलीसमोर गिअर पंप आणि वेगळी टाकी लावा. फेऱ्याला १६ सीसी देणारा पंप २००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३० लिटर देतो. टाकी ३० ते ४० लिटरची, सक्शनची (टाकीतून पंपाकडे तेल ओढणारी) होज एक इंची व आखूड, फिल्टर परतीच्या लाइनवर. सक्शनला एखादा क्लॅम्प ढिला राहिला तरी हवा ओढली जाते, पंप किणकिणतो आणि तेल दुधाळ दिसू लागते.

प्रश्न : बकेट वर जायला नऊ-दहा सेकंद लागतात आणि तेलाची पातळी कधी कमी, कधी जास्त दिसते.

उत्तर : ६३ मिमी बोअर आणि ५०० मिमी स्ट्रोकचे दोन सिलिंडर वर जायला ३.१ लिटर तेल घेतात. पंप मिनिटाला २० लिटर देत असेल तर नऊ सेकंद लागणारच. प्रेशर वाढवून वेग वाढत नाही, फक्त उचलण्याची ताकद वाढते. पातळी नेहमी बाहू पूर्ण खाली आणि सिलिंडर आत असताना पाहा. वर उचलून भरलीत तर खाली येताना तेल वाढून बाहेर पडेल. नव्या होज आणि सिलिंडर भरायलाच चार-पाच लिटर जातात. रिकाम्या बकेटने कमी आरपीएमवर पाच-सहा वेळा वर-खाली करा, दर वेळी पातळी पाहून भरा. गिअरबॉक्सचेच तेल वापरात असेल तर पुस्तकातले ट्रॅक्टर ट्रान्समिशन तेलच घाला.

प्रश्न : लिव्हर वर ओढली की भरलेली बकेट आधी झटक्याने खाली येते, मग चढते. आणि सोडून ठेवली तरी हळूहळू उतरते.

उत्तर : पहिला दोष लोड चेकचा आहे. स्पूल उघडतो तेव्हा पंपाचा दाब अजून चढलेला नसतो आणि वजनामुळे तेल मागे पळते. ते अडवणारे स्प्रिंगचे छोटे एकमार्गी झाकण, म्हणजे पॉपेट, व्हॉल्व्हच्या प्लगखाली असते. स्प्रिंग तुटली आहे का किंवा कचरा अडकला आहे का पाहा.

दुसऱ्यासाठी सिलिंडरच्या तळाकडच्या सामाईक लाइनवर हायड्रोलिक प्रेशरचा बॉल व्हॉल्व्ह बसवा. बकेट थोडी उचला, तिच्याखाली इंचभर अंतर ठेवून भक्कम ठोकळे लावा, इंजिन बंद करा, बॉल व्हॉल्व्ह बंद करा आणि लिव्हर फ्लोटमध्ये (सिलिंडरच्या दोन्ही बाजू टाकीला मोकळ्या करणाऱ्या जागी) टाका. बकेट उतरली तर सिलिंडरच्या पिस्टनचे सील गेले. जागेवर राहिली तर स्पूल झिजला आहे. तिथे सील बदलून उपयोग नाही, व्हॉल्व्हचा तो सेक्शनच (त्या लिव्हरचा भाग) बदलावा लागतो.