जुनी एस्प्रेसो मशीन घेतोस तं हे पाह्य
भाऊ, नागपूरच्या बंद पडलेल्या कॅफेची मशीन स्वस्तात भेटते म्हणून लगेच ॲडव्हान्स नको देऊ. आधी चालू करून पाह्य, बॉयलरच्या प्रेशरचा काटा १ ते १.३ बारवर थांबतो का, अन कॉफी काढताना पंपाचा ९ च्या आसपास जातो का. ग्रुपचं (जिथं कॉफीचं हँडल अडकवते ते) गास्केट, म्हंजे रबरी रिंग, कडक झालं असंल तर ते किरकोळ काम. खरा खर्च क्षाराचा, आपला पट्टा पडला खारपाणाचा, बोअरचं पाणी डायरेक्ट जोडलं तं पाणी तापवणाऱ्या कॉइलवर पांढरा थर चढून कॉइल जळते, म्हणून बॉयलर सायट्रिक ॲसिडनं धुऊन घे अन पाण्याचा जडपणा कमी करणारा सॉफ्टनर लाव. निव्वळ आरोचं पाणीबी नको, त्यात क्षार इतके कमी की लेव्हलच्या सेन्सरले पाणी आहे हेच समजत नाही अन मशीन भरतच राह्यते. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र नवाच टाक, तिथं कंजुषी नको करू.