सोसायटीच्या ग्रुपवर रोज भांडणं होतात, 'फक्त ॲडमिन' करून टाकावं का? नियम काय ठेवावेत?

नका करू. आमच्याकडे केलं होतं, त्याचं काय झालं ते सांगते, मग तुमचं तुम्ही ठरवा.

वाघोलीला आमची ८४ फ्लॅटची सोसायटी, उन्हाळा टँकरवरच निघतो. २०२३ च्या मार्चमध्ये मेंटेनन्सच्या बिलात पाण्याचा आकडा जास्त वाटला म्हणून मी व्हॉट्सॲपवर विचारलं, "फेब्रुवारीत टँकर किती आले? चलनं बघायला मिळतील का?" बस एवढंच. कुणाचं नाव नाही, आरोप नाही. पण नुकताच नियम निघाला होता की हिशोबाचं ग्रुपवर नको, ऑफिसला लेखी द्या. मी कुकर लावून येईपर्यंत माझा मेसेज ॲडमिनने, म्हणजे आमच्या सेक्रेटरीकाकांनी, डिलीट केलेला, आणि खाली ती ओळ, आता फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतात. सकाळपासूनचे गुड मॉर्निंगचे फोटो तसेच, शुगर घालवायचा काढाही तसाच, गेला तो फक्त माझा प्रश्न.

बरं, लोक गप्प बसले का? त्याच रात्री दुसरा ग्रुप निघाला, तीस-पस्तीस जण, त्यात ना सेक्रेटरी ना खजिनदार. ज्याच्याकडे उत्तर आहे तोच तिथे नाही म्हटल्यावर माणसं अंदाजच लावणार ना. दोन दिवसांत 'टँकरमागे कमिशन खातात' असं लोक छातीठोकपणे बोलायला लागले. मीही त्या ग्रुपवर होते आणि मी कुणाला थांबवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी मीच गेटवर जाऊन वॉचमनचं रजिस्टर बघितलं. निळ्या पेनने गाडी नंबर, वेळ, सही. बिल ४१ टँकरचं आणि सह्या ३८, उरलेल्या तीन ओळींपुढे 'टाकी फुल, परत' असं लिहिलेलं, आणि ते तीनही टँकरवाल्याने बिलात धरलेले. खजिनदारांनी फोन केला, पुढच्या बिलात ते पैसे वळते झाले. पाच मिनिटांचं काम होतं हो! त्या दिवशीच त्या पानाचा फोटो ग्रुपवर पडला असता तर विषय तिथेच मिटला असता. त्याऐवजी अर्ध्या सोसायटीने सेक्रेटरीकाकांच्या घरच्यांशी बोलणं टाकलं, त्या वर्षी गणपतीत काकू आरतीला खाली उतरल्या नाहीत.

काकांचं अजून तेच, मी केलं ते बरोबर केलं, कुणी काही वेडंवाकडं लिहिलं तर जेलमध्ये ॲडमिन जातो. दर वेळी हेच, म्हणून इथे लिहूनच ठेवते. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय की मेंबरने आक्षेपार्ह काही टाकलं तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून माणूस गुन्हेगार होत नाही, दोघांचं आधीपासून संगनमत होतं असं दिसावं लागतं. आणि टँकरची चलनं मागण्यात आक्षेपार्ह काय होतं, याचं उत्तर काकांनी मला आजवर दिलेलं नाही.

तुमच्या नियमांचं म्हणाल तर विषयावर बंदी घालू नका. शिवीगाळ पुसा, जातीधर्मावरून काही आलं तर पुसा, फॉरवर्ड बंद करायचे तर सगळ्यांचे करा, कमिटीवाल्यांचेसुद्धा. पैशाच्या प्रश्नाला हात लावायचा नाही. जे पुसाल ते का पुसलं हे तिथेच एका ओळीत लिहा, आणि एक तरी ॲडमिन कमिटीबाहेरचा असू दे. नोटिसा, पाणी बंद, लिफ्ट बंद यासाठी फक्त ॲडमिनवाला वेगळा ग्रुप ठेवा, तो हवाच.

हां, एक राहिलं. अफवा आली तर मात्र ग्रुप लगेच बंद करा, तिथे मी काकांच्या बाजूने आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना मारून टाकलं, त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली. तसलं काही दिसलं तर तासभर बंद ठेवा, पोलीस चौकीला विचारा, खरंखोटं काय ते ग्रुपवर टाका आणि लगेच उघडा. आमचा मार्चमध्ये बंद झाला तो सप्टेंबरच्या एजीएमलाच, म्हणजे वार्षिक सभेलाच, उघडला.