सांगलीत कॉलेजला असलेल्या भाचीला द्यायला, स्वतंत्र बाण्याची नायिका असलेली, वाचायला घेतली की सोडवत नाही अशी मराठी कादंबरी कोणती?

कविता महाजन यांची 'ब्र' (२००५) आधी द्या. भाचीसाठी विचारलंय म्हणून हे नाव अगदी खात्रीने सांगते, कारण आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या वाचनगटात त्याच वयाच्या मुलींनी ती झपाटल्यासारखी वाचली. संसार मोडल्यावर प्रफुल्ला एका संस्थेत कामाला लागते आणि आदिवासी पाड्यांवर निवडून आलेल्या बायकांना भेटत फिरते. सरपंचपदाच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला खाली खेचायला गावातले पुरुष काय काय करतात, ते वाचताना रक्त उसळतं. आणि या सगळ्यांचं ऐकता ऐकता प्रफुल्लाही बदलत जाते, कादंबरीची खरी पकड तिथेच आहे.

त्यानंतर:
- 'हिंदोळ्यावर', विभावरी शिरूरकर: लग्नाच्या चौकटीबाहेर सहजीवन आणि मातृत्व स्वीकारणारी अचला. स्वातंत्र्याआधी हे लिहिलं गेलंय, ही केवढी हिंमत!
- 'वैजयंता', अण्णा भाऊ साठे: तमाशा कलावंतिणीची कहाणी. छोटी आहे, एका बैठकीत संपते. अण्णा भाऊ आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, त्यामुळे भाषाही जवळची वाटेल.

फक्त एक लक्षात घ्या, 'ब्र'मध्ये बायकांवरच्या हिंसेचे प्रसंग आहेत आणि ते सौम्य करून लिहिलेले नाहीत. भाची अकरावी-बारावीत असेल तर 'वैजयंता'पासून सुरुवात करा.